जाळीचं कव्हर

दार उघडलं की "या" म्हणण्याआधी काकूंचा हात आपोआप कॉम्प्युटरच्या कव्हरकडे जायचा. झालर सरळ करायची, एक कोपरा खाली ओढायचा, वरून थोपटायचं, आणि मग माझ्याकडे वळून म्हणायचं, "झाकलेलं असलं की जपलेलं असतं हो." मी म्हणायचो, "गुदमरलेलंही असतं." हा आमचा रामराम.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. रिमोटला प्लॅस्टिकची पिशवी, मिक्सरला फुलाफुलांचा झगा, फ्रिजच्या डोक्यावर क्रोशाचा रुमाल. पण काकूंची बातच वेगळी. त्यांच्याकडे गॅसच्या सिलिंडरला परकर होता. देवाशप्पथ! निळा, पांढऱ्या ठिपक्यांचा, वर नेफा दुमडून शिवलेला.

मी कॉम्प्युटर दुरुस्त करतो. कसब्यात एका बोळात माझं दुकान आहे, आणि काकू दोन बोळ सोडून एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. काका जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती एक मुलगी लग्न करून विश्रांतवाडीला. काकू घरी बसून लग्नपत्रिका, मुंजीची आमंत्रणं, लग्नाळू मुलामुलींचे बायोडाटे टाइप करून द्यायच्या. हे सगळं एका जुन्या डेस्कटॉपवर, कारण पत्रिकेचे त्यांचे लाडके वळणदार फॉन्ट नव्या मशीनवर चालत नव्हते. तो डेस्कटॉप बंद म्हणजे काकूंचं काम बंद.

पहिल्यांदा गेलो तो भर मे महिन्यात. तक्रार होती, "सीपीयू मध्येच मान टाकतो." त्या अख्ख्या डब्याला सगळं पुणं सीपीयू म्हणतं, मी सुधारायचं सोडून दिलंय. तर तो डबा टेबलाच्या कप्प्यात, पाठ भिंतीला चिकटलेली, आणि अंगावर मखमलीचं कव्हर. तेही अस्तर लावलेलं! हात लावला तर चटका बसला.

"काकू, मशीन चालू असतानासुद्धा हे घालता तुम्ही?"

"मग? धूळ काय मशीन बंद असतानाच येते?"

यावर तुमच्याकडे उत्तर असेल तर मला कळवा. मी गुमान डबा बाहेर काढला, आतली धूळ उडवली (अहो, गोधडी शिवता आली असती) आणि देवघरातली एक उदबत्ती मागून घेतली. पेटवून डब्याच्या पुढ्यात धरली. धुराची रेघ वळली आणि पुढच्या जाळीतून आत गेली. थोड्या वेळानं मागच्या पंख्यातून धूर बाहेर आला.

काकू गुडघ्यांवर हात ठेवून वाकून बघत होत्या. "अगंबाई! आत ओढतोय की!"

"पुढून गार हवा आत, मागून गरम हवा बाहेर. या दोन्ही वाटा मोकळ्या ठेवल्या की तो कधी मान टाकणार नाही. कळलं?"

"कळलं," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा उदबत्ती धरायला लावली. मग स्वतःच्या हातानं धरली. लहान मुलीसारख्या खूश झाल्या होत्या. मी जिना उतरेपर्यंत कव्हर पुन्हा चढलेलं असणार, याची मला शंभर टक्के खात्री होती, आणि ते चढलेलंच होतं.

पुढच्या थंडीत तर कहर झाला. कव्हर उचललं तर डब्याच्या डोक्यावर स्टीलचं पातेलं, वर ताटली. मी कपाळावर हात मारला.

"विरजण आहे हो. थंडीत दही लागत नाही माझं. इथं उबेला कसं छान लागतं!"

"काकू, दूध सांडलं ना, तर थेट मदरबोर्डवर अभिषेक!"

"सांडेल कसं? झाकलंय ना."

मी बराच वेळ तणतणलो. त्यांनी शांतपणे वाटीभर दही साखर घालून पुढे केलं. खोटं कशाला बोलू, सुरीनं कापावं इतकं घट्ट होतं. मी दोनदा घेतलं.

मग एकदा मी त्यांच्या दाराशी वाट बघत उभा होतो. काकू भाजी घेऊन जिना चढत होत्या. मधल्या वळणावर थांबल्या. बराच वेळ थांबल्या. "काकू?" मी वरून विचारलं.

"किल्ली सापडेना मेली."

किल्ली त्यांच्या मुठीत होती. मला वरून दिसत होती. त्या भिंतीला टेकून तोंडानं श्वास घेत होत्या, ओठ निळसर पडले होते. मी खाली जाऊन पिशवी घेतली तेव्हा त्यांनी पहिल्यांदा नजर चुकवली.

आत बसल्यावर, पाणी प्यायल्यावर, त्यांनी सांगितलं. हृदयाची झडप बिघडलेली. डॉक्टरांनी ऑपरेशन करा म्हणून केव्हाच सांगितलेलं. मुलीला माहीत नव्हतं. तिला लग्नानंतर किती वर्षांनी दिवस राहिले होते, आधीचं एकदा टिकलं नव्हतं. "आता तिच्या जिवाला घोर नको. तिचं बाळंतपण नीट होऊ दे, मग माझं बघू. झाकली मूठ सव्वा लाखाची. तुम्ही बोलायचं नाही हं कुणाजवळ."

"काकू, मशीन तापलं की निदान घरघरतं तरी. तुम्ही तेवढंही करत नाही."

"तुम्ही सीपीयूचं बघा," त्या म्हणाल्या. पुण्यात यापुढे संभाषण नसतं.

काही आठवडे गेले आणि त्यांच्या मुलीचाच मला फोन आला. "दादा, आईचा कॅमेरा बिघडलाय म्हणे. महिना झाला, व्हिडिओवर दिसतच नाही ती. नुसता आवाज येतो. जरा बघून याल का? आणि काय ते खरं सांगा, नवा घ्यायचा तर नवा घेऊ."

गेलो. मॉनिटरच्या डोक्यावरच्या त्या एवढ्याशा कॅमेऱ्याला काकूंनी टोपडं शिवलं होतं. बाळाला घालतात तसं, खाली बंद बांधलेलं. मला हसू फुटलं, आणि मी काकूंकडे बघितलं. चेहरा सुजलेला, पायांवर सूज, दोन शब्दांमागे एक श्वास. हसू कुठल्या कुठे गेलं.

"तिला सांगा, कॅमेरा खराब आहे म्हणून," त्या म्हणाल्या. "पार्ट मिळत नाही म्हणावं. एवढं करा माझ्यासाठी."

मी माझी पिशवी उचलली. जिना उतरलो, स्कूटरवर बसलो, पण किक मारवेना. इमारतीच्या तळमजल्यावरच्या छापखान्यात मशीनची धडधड चालू होती. काय करावं? पोटुशी पोर ती, तिला काही झालं तर? आणि नाही सांगितलं तर वर ही बाई एक दिवस खुर्चीतच मान टाकणार, आणि ते फक्त मलाच आधीपासून माहीत असणार. मी फोन लावला.

"कॅमेरा ठीक आहे," मी म्हणालो. "आई ठीक नाही."

संध्याकाळी मुलगी आणि जावई रिक्षानं आले. ती एवढं पोट घेऊन कठडा धरत धरत दोन मजले चढली. काकूंचं सामान भरायला मी वर गेलो होतो. काकू पलंगावर बसल्या होत्या, मुलगी त्यांच्या मांडीत डोकं खुपसून रडत होती. काकूंनी तिच्या केसांवरून हात फिरवत माझ्याकडे पाहिलं.

"तुमच्यावर विसंबले होते हो मी."

बस, एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या विश्रांतवाडीला गेल्या. मी फोन केले, त्यांनी उचलले नाहीत. मला फार लागलं ते. मी केलं ते बरोबरच होतं, आजही तेच करीन, पण लागलं ते लागलंच.

मोठ्या इस्पितळात सांगितलं की आता उशीर झालाय, ऑपरेशन झेपणार नाही. गोळ्यांवर दिवस काढले. मुलीला मुलगी झाली, बाळ-बाळंतीण सुखरूप. काकू बाळाच्या बारशाला होत्या. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, दुपारच्या झोपेतच गेल्या.

तेरावं झाल्यावर मुलीनं मला कसब्यातल्या घरी बोलावलं. "हा कॉम्प्युटर तुम्ही न्या दादा. आईनंच सांगितलंय." घर रिकामं होत होतं. मिक्सरचा झगा, सिलिंडरचा परकर, सगळ्याची घडी घालून एका बोचक्यात बांधलेलं. बाळ जमिनीवर दुपट्यात झोपलं होतं. पिवळं दुपटं, त्यावर पांढरी बदकं.

तिनं पिशवीतून त्याच कापडाचं काहीतरी काढलं. बदकांचं, झालर लावलेलं. कव्हर.

"दुपट्यातून उरलेल्या कापडाचं शिवलंय. उठवत नव्हतं तिला, उशीला टेकून हातानंच शिवलं. मला जुनी मच्छरदाणी मागितली. मला कळेना कशाला. तर म्हणाली, पुढून आणि मागून वाट ठेवायची असते."

मी ते हातात घेतलं. पुढच्या बाजूला मच्छरदाणीचा मोठा चौकोन, मागे पंख्याच्या मापाचा गोल. टाके वेडेवाकडे होते. काकूंचे टाके कधी वेडेवाकडे नसत.

"रागावल्या होत्या ना माझ्यावर?" मी विचारलं.

"खूप," ती म्हणाली. "पहिले आठ दिवस तुमचं नाव काढू देत नव्हती. मग बाळ झालं. त्याला मांडीवर घेऊन बसली होती तेव्हा म्हणाली, ते कॉम्प्युटरवाले बोलले नसते तर हे बघायचं राहिलंच असतं गं. हे कव्हर त्यांना दे. म्हणावं, आता तरी ओरडू नका."

मला तिच्यासमोर रडायचं नव्हतं. पण रडलो.

डबा माझ्या दुकानात आहे. अजून चालतो. गिऱ्हाइकं विचारतात, "काय हो, आम्हाला कव्हर घालू नका म्हणता, आणि हे काय?" मी म्हणतो, "तुम्ही तुमचं बघा."

परवा दुपारी दुकानात कुणी नव्हतं. कव्हर घातलेलंच मशीन चालू केलं, उदबत्ती लावली आणि पुढच्या जाळीसमोर धरली. रेघ वळली, मच्छरदाणीतून आत गेली. मी वाकून मागच्या गोलाशी तळहात धरला. धूर आला, त्यामागून ऊबही आली. मी तसाच वाकून राहिलो, कुणीतरी शेजारून "अगंबाई, आत ओढतोय की!" म्हणेल म्हणून.