मधल्या बँकेत अडकलेले पैसे

पैसे पाठवतो असं मी बाबांना कबूल केलं आणि त्याच आठवड्यात ते गाडीच्या डिपॉझिटला भरले. आईच्या कानाच्या यंत्राचे पैसे होते ते. इकडे परदेशात, टूवूंबासारख्या गावात गाडीवाचून पान हलत नाही हे खरं; पण माझी जुनी गाडी चांगली चालत होती, हेही खरं. मला नवी मिरवायची होती.

बाबांचा फोन आला तेव्हा ठोकून दिलं, "पाठवलेत कधीच. मधल्या बँकेत अडकलेत."

हे खोटं मला आयतंच मिळालं होतं. इथल्या बँकेची आपल्या तालुक्याच्या बँकेशी ओळखदेख नसते. दोघींना ओळखणारी तिसरी, मोठी बँक मध्ये लागते. नोटा कुठेच जात नाहीत, जातो तो नुसता निरोप: याच्या खात्यातून वजा करा, त्याच्या खात्यात टाका. हे सगळं मी इतकं रंगवून सांगितलं की बाबा 'असं असं' म्हणत ऐकत राहिले.

मग त्यांनी बँकेत खेटे घालायला सुरुवात केली. पंधरा दिवसांनी तिथल्या मॅनेजरने सांगितलं, मुलाकडून त्या निरोपाची कॉपी मागवा, तिच्यावरच्या नंबरावरून पैसे कुठे आहेत ते कळेल.

"तेवढी कॉपी पाठव," बाबा फोनवर म्हणाले.

मी कामाला असतो त्या हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये, त्याच नव्या गाडीत बसलो होतो. "कॉपी... शोधावी लागेल," मी म्हणालो. बाबांची उभी नोकरी पोस्टात गेली, दारोदार मनीऑर्डरी वाटण्यात. त्यांना काय कळायचं ते कळलं.

"म्हातारी माणसं दारात उभी असायची," ते म्हणाले. "पोराची मनीऑर्डर आली का, विचारायची. त्यानं पाठवलीच नाही, असं मी कधी कुणाला म्हटलं नाही. वाटेत असेल, म्हणायचो." मग म्हणाले, "तुझ्या आईलाही तेच सांगितलंय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिफ्टवरच्या मित्राकडे उसने मागितले. "नो वरीज यार, सावकाश दे," तो म्हणाला. त्याच दुपारी पैसे पाठवले. पाच मिनिटंही लागली नाहीत. दुसऱ्या दिवशी तिकडे जमासुद्धा झाले.

आईने लगेच फोन केला. "सुटले रे एकदाचे! कामं सोडून त्या बँकेमागे किती धावला असशील तू!"

"हो," मी पुटपुटलो.

"काय? ऐकू नाही आलं."

मग शिफ्टवरच्या चार माणसांत मला ते ओरडून सांगावं लागलं. "हो, आई! खूप धावलो!"