पायलीत उभा केलेला फोन

माझा पहिला मोठा फोन मी गोंदियाच्या बाजारातून आणला तेव्हा तो मला अजिबात आवडला नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. दुकानदार म्हणाला, चाचा, इसमें सब कुछ है. सगळं होतं खरं, एक बटणं तेवढी नव्हती. माझा जुना बटणांचा फोन धान रोवण्याच्या दिवसांत बांधीतल्या, म्हणजे शेतातल्या, चिखलात पडला होता, आणि धुऊन उन्हात ठेवल्यावर पुन्हा वाजायला लागला होता. हा नवा म्हणजे नवाबच निघाला. पाणी नको, धूळ नको, संध्याकाळ झाली की चार्जिंगला टाका. त्यात जन्मभर विळा अन् फावडं धरलेला माझा अंगठा त्याला अंगठाच वाटेना. दाबलं, घासलं, लुंगीला पुसून पुन्हा दाबलं, काही नाही. शेवटी मी तो करंगळीने चालवायला शिकलो. बायको म्हणायची, एवढा बाप्या माणूस अन् फोनला गुदगुल्या करून राहिला.

तरी मी तो घेतला, कारण मला एक लहान बहीण आहे. तिला जन्मापासून ऐकू येत नाही आणि बोलता येत नाही. तेव्हा आमच्या भागात अशा पोरीला शाळेत कोण घेणार? त्यामुळे लिहिणं-वाचणंही नाही. पण घरात आमची हातांची बोली होती, अन् ती कोणी शिकवलेली नव्हती. मिशीला पीळ दिला की बाबा. नाकाच्या डाव्या बाजूला बोट टेकवलं की आई, कारण आईच्या नाकात फुली होती. स्वतःच्या डोक्यावर टपली मारली की मी, कारण लहानपणी मी तिला येता-जाता टपल्या मारायचो. डोळे मिटून मान टाकली की मेला. या बोलीत आम्ही भांडलो, हसलो, दुसऱ्यांच्या चुगल्या केल्या.

तिचं लग्न डोंगरगडच्या पलीकडे झालं, छत्तीसगडात. नवरा शिंपी, बोलता-ऐकता, आणि सोन्यासारखा माणूस. वर्षभरात त्याने आमची सगळी बोली उचलली आणि आपल्याकडच्या चार खुणा त्यात घातल्या. पुढे घरोघरी फोन आले. सासरी गेलेल्या गावातल्या सगळ्या पोरी आईशी तास तास बोलायला लागल्या, माझ्या बहिणीच्या हाती मात्र काही आलं नाही. मी जावयाला फोन करायचो आणि तो तिला हाताने सांगायचा, सगळं बरं आहे. तीही मान हलवायची.

मग बाबा गेले. आमच्याकडे रीत अशी की लांबच्या लेकीला वाटेत खरं सांगायचं नाही. तब्येत बिघडली, लवकर ये, एवढंच कळवायचं. म्हणजे बिचारी रडत-ओरडत प्रवास करणार नाही. चांगल्या मनानेच करतात लोक. मी जावयाला तसंच सांगितलं, त्याने तिला तसंच सांगितलं. ती आमच्या जवळच्या स्टेशनावर, तिरोड्याला, गाडीतून उतरली ती पिशवीत पेरू घेऊन, कारण बाबांना पेरू आवडायचे. अंगणात शिरली आणि बाबांना खाली निजवलेलं पाहिलं. आधी ती रडलीच नाही. तिने माझ्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, मग पिशवीतल्या पेरूंकडे पाहिलं. चुलत बहिणींनी, आत्यांनी रीतीप्रमाणे बाबांवर पांघरायला कापड आणलं होतं. हिच्या हातात पेरू.

तेव्हापासून "सगळं बरं आहे" या शब्दांवरचा तिचा विश्वास उडाला. आई बरी आहे असं नवऱ्याने सांगितलं की ती उठायची, गाडीत बसायची, आमच्याकडे यायची. आईचं तोंड दोन्ही हातांनी धरून बघायची, एक रात्र राहायची आणि परत जायची. आई म्हणायची, ही पोरगी मला भेटायला येत नाही, मोजायला येते. म्हणायची आणि मग दिवसभर खुशीत असायची.

पुढे बऱ्याच वर्षांनी बहिणीला दिवस गेले. आधी दोनदा पोटातलं टिकलं नव्हतं. यावेळी डॉक्टरने बजावलं, गाडीचं नाव काढायचं नाही. इकडे आईच्या गुडघ्यांनी दगा दिला होता, ती अंगणापलीकडे जात नव्हती. जावयाने नवा फोन घेतला होता. तो मला म्हणाला, भैया, तुम्हीही घ्या, म्हणजे ही अम्माचं तोंड तरी बघेल. मी दुसऱ्याच दिवशी गोंदियाला गेलो.

फोन लावायचा म्हणून आईने सकाळीच आंघोळ केली, ठेवणीतलं लुगडं नेसली. आमच्या घरात नेटवर्क यायचं ते ओसरीच्या एका कोपऱ्यात, खिडकीपाशी. तिथेच मी खुर्ची मांडली. आईचा कॅमेऱ्याशी संबंध आयुष्यात एकदाच आला होता, तिरोड्याच्या स्टुडिओत, आणि तिथल्या माणसाने तिला दरडावलं होतं की हलायचं नाही. तेवढं तिच्या पक्कं लक्षात होतं. डोक्यावर पदर, हात मांडीवर, श्वास रोखलेला, अशी ती बसली. बरोबर डोक्याच्या वर भिंतीवर बाबांचा फोटो, त्याला हार. हे त्यावेळी माझ्या डोक्यातच आलं नाही. उजेड चांगला आहे, एवढंच मी पाहिलं.

बहिणीचा चेहरा आला. बायकोने आनंदाने टाळीच वाजवली. बहीण हसली, माझ्यासाठी डोक्यावर टपली मारली, आणि मी मोठ्या ऐटीत फोन आईकडे फिरवला. आई हलली नाही. तेवढ्यात मेलं नेटवर्क अडकलं. तिकडे आईचा ताठ चेहरा आणि वर बाबांचा हारवाला फोटो, असं एकच चित्र थिजून राहिलं असणार. इकडे आम्हाला बहीण दिसत होती, अडखळत. तिचं हसू गेलं. तिने नाकाला बोट लावलं, डोळे मिटले, मान टाकली. मग स्वतःची छाती पिटली, आणि फोन बंद पडला.

मी करंगळीने पुन्हा पुन्हा लावला, लागेना. आई विचारत होती, आता हलू का? शेवटी जुन्या फोनवर जावयाचा साधा फोन आला.

"भैया, ये मानती नहीं. बोलती है, अम्मा की भी फोटो ही दिखाई. बैग भर रही है."

सातवा महिना आणि गाडीचा प्रवास. त्याला म्हणालो, काहीही कर, दाराला आडवा हो, पण अर्धा तास तिला थांबव. गावात नेटवर्क भरपूर यायचं ते फक्त चोरखमारा तलावाच्या पाळीवर, पोरं तिथेच जाऊन बसायची. मी मोटारसायकल काढली. आई जन्मात कधी तिच्यावर बसली नव्हती. मध्ये आई, मागे तिला धरून माझी बायको, आणि बायकोच्या काखेत धान मोजायची पायली, तांदळाने भरलेली. मी खेकसलो, की आता हे कशाला? ती म्हणाली, हात दोन्ही मोकळे नाही ठेवले तर बोलणार कशाने, फोन धरायला तुम्हाला तिसरा हात आहे का? खरंच, हे मला सुचलंच नव्हतं. आई वाटभर मला शिव्या घालत होती, आणि मला त्या ऐकून बरं वाटत होतं.

पाळीवर बायकोने पायली एका दगडावर ठेवली आणि तांदळात फोन खुपसून उभा केला. एका झटक्यात बहीण समोर आली. डोळे सुजलेले, खांद्याला पिशवी, मागे दारात आडवा उभा जावई. आईने काठी टेकत चार पावलं चालून दाखवली. बहिणीने मान हलवली, नाही. लग्नाच्या व्हिडिओत मेलेली माणसंही चालताना तिने पाहिली होती. आई फोनच्या जवळ गेली आणि, तिला ऐकू येत नाही हे माहीत असूनही, तोंडानेच बोलली.

"कायले रडून रायली व? मी जित्ती आहो ना."

मग बहिणीनेच वाट काढली. तिने हळूच आपला कान धरला आणि बघत राहिली. आईने आपला कान धरला. बहिणीने डोक्यावर हात ठेवला, आईने ठेवला. बहिणीने जीभ बाहेर काढली. आईने इकडेतिकडे पाहिलं, पाळीवर पोरं बसलेली, तरी काढली. असं बराच वेळ चाललं. शेवटी आईचे गुडघे दुखायला लागले आणि ती कावली. लहानपणी उगारायची तसा तिने थापडीचा हात उगारला. तो हात पाहून माझ्या बहिणीने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. ती हसत होती आणि रडत होती. माझी बायको तर तोंडाला पदर लावून खालीच बसली. खोटं कशाला सांगू, मीही रडलो.

निरोप घ्यायच्या आधी बहिणीने मला पुढे बोलावलं. मिशीला पीळ दिला, मान टाकली, मग पेरू चावल्यासारखं केलं आणि बोट हलवलं, असं नाही. नाकाला बोट लावलं, मान टाकली, आणि डोक्यावर टपली मारून माझ्याकडे हात केला. आईचं काही झालं तर तू सांगशील, खरं सांगशील. मी छातीवर हात ठेवला.

त्या दिवसापासून मी त्या फोनला कधी वाईट बोललो नाही. पायली ओसरीतच राहिली, तांदळासकट. फोनच्या चार्जिंगच्या भोकात कोंडा जायचा आणि मी सुईने काढायचो. भाची जन्मली ती आम्ही पायलीतच पाहिली, अजून डोळेही न उघडलेली. पुढे गावात चांगलं नेटवर्क आलं, आणि आई रोज संध्याकाळी लेकीशी हातांनी बोलायला बसायची. दोघी मिळून माझ्याच चुगल्या करायच्या, मला दिसायचं. एवढ्या वर्षांचं त्या दोघींचं तुंबलेलं बोलणं त्या काचेतून वाहून गेलं. त्या फोनचे उपकार मी कसे फेडणार?

आई गेली ती धान कापणीच्या दिवसांत, पहाटे, झोपेत. अंगणात माणसं जमली. मोठ्यांनी मला सांगितलं, लांबच्या पोरीला सिरियस आहे म्हणून कळव. मी पायली खिडकीपाशी घेतली, फोन उभा केला. बहीण आली, कडेवर पोर. मी नाकाच्या डाव्या बाजूला बोट ठेवलं. डोळे मिटले, मान टाकली. डोळे उघडले तेव्हा ती माझ्याकडेच बघत होती. तिने पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. मग फोन काढून आईकडे फिरवला आणि तिला पाहिजे तेवढा वेळ धरून ठेवला. यावेळी नेटवर्क अडकलं नाही.

दुपारी ती तिरोड्याला उतरली. रडणं तिने गाडीतच उरकलं होतं. अंगणात आली, सगळ्या बायकांनी वाट करून दिली. तिच्या हातात घडी केलेलं नवं लुगडं होतं. ते तिने उलगडलं, आईच्या अंगावर पांघरलं, कडा नीट केल्या. मग माझ्याजवळ आली आणि माझ्या डोक्यावर हलकेच टपली मारली.