वळणाखालचं पाणी

मोकळेमामांचं खरं नाव विचाराल, तर त्यांच्या बायकोलाही क्षणभर आठवावं लागेल. मासा धरायचा आणि लगेच पाण्यात मोकळा सोडायचा, हाच या माणसाचा धंदा, म्हणून मोकळेमामा. आता सोडायचाच, तर मुळात धरायचा कशाला, हा प्रश्न साऱ्या गावाने त्यांना विचारला होता. मामी तर आल्यागेल्याला सांगायच्या, "आमच्याकडे मासे येतात, पण जेवणापर्यंत थांबत नाहीत." मामा हसायचे आणि गळाला धागा गुंडाळत राहायचे.

त्यांची बाहेरची खोली म्हणजे नुसता पिसांचा पसारा. टेबलाच्या कडेला छोटा शिकंजा, त्यात धरलेला बारीक गळ, आणि त्यावर रेशीम, कोंबड्याच्या मानेचं पीस, सशाची लव असं काय काय बांधून मामा अशी माशी करायचे, की मासा फसलाच पाहिजे. या पिसांच्या माश्यांनी त्यांना जग दाखवलं. हौशी लोक तिकीट काढून बोलवायचे. बर्फाच्या नद्या झाल्या, बेटांवरचे ओढे झाले, पण जीव अडकला होता तो घरामागच्या नदीत. तिथला मासा कुणी पाळलेला नाही, कुणी आणून सोडलेला नाही, नदीनेच वाढवलेला. त्याच्यासाठी मामांनी निम्म्या गावाशी वैर घेतलं. वाळूचे ट्रक अडवले, काठची झाडं राखली, जाळ्यांवर बंदी आणली. "माझ्या हातून आजवर एक मासा मेला नाही," हे वाक्य तर लोकांना पाठ झालं होतं.

त्या दिवशी ऊन म्हणजे ऊन होतं. एक डॉक्टर आणि त्यांची बायको, असे दोन पाहुणे गळाच्या काठ्या घेऊन पाण्यात उतरले होते. या मासेमारीत माणूस प्रवाहाच्या उलट, वर वर चालत जातो. मासा प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, त्याला कळू न देता मागून गाठायचं असतं. सोडलेला मासा मागे राहतो, माणूस पुढे जातो. मामा तीसेक वर्षं असेच पुढे गेले होते. पाणी गुडघ्याएवढंच होतं आणि हाताला कोमट लागत होतं. मासे मात्र भराभर लागत होते. शेपटी चिरलेला एक दांडगा मासा तर बाईंनी फोटो नीट आला नाही म्हणून पुन्हा वर उचलला. मग मामांनी तो पाण्यात धरून हलकेच मागेपुढे केला, तो सुटून गेला, आणि सगळ्यांना बरं वाटलं.

दुपारी डॉक्टरांच्या हातून मासा उचलायची हातजाळी निसटली आणि वाहत गेली. "आणतो मी," म्हणून मामा खाली निघाले. वळणापलीकडे काटेरी झुडपं माजली होती, तिकडे जायचं कधी कारणच पडलं नव्हतं. अंगावर ओरखडे घेत ते पलीकडे उतरले. संथ डोहाच्या कडेला, फेसात, जाळी अडकलेली दिसली. तिच्याभोवती मासे होते, पांढरी पोटं वर करून.

मामांना वाटलं, कुणीतरी विष सोडलं. कुणी सोडलं असेल तेही त्यांनी मनातल्या मनात ठरवून टाकलं. संतापाने त्यांनी एक मासा उचलून तोंड उघडलं. ओठाच्या कोपऱ्यात टाचणीएवढं भोक. दुसऱ्यालाही तेच. तिसऱ्याची शेपटी चिरलेली होती.

मामा पाण्यातच खाली बसले. कोमट पाण्यात माशाला आधीच दम पुरत नाही. त्यात तो गळाशी झुंजतो, फोटोसाठी हवेत टांगला जातो, मग सुटतो, चार हात पोहतो आणि आपल्या नजरेआड जाऊन मरतो. परदेशात काही नद्या उन्हाळाभर मासेमारीला बंद ठेवतात, ते याचसाठी, हे मामांनी स्वतः पाहिलं होतं. आमची नदी थंड, असं म्हणून सोडूनही दिलं होतं. आता हात पाण्यात बुडवून ते बसले होते आणि पाणी अंघोळीचं असावं तसं लागत होतं.

वर आल्यावर ते एवढंच म्हणाले, "काठ्या आवरा."

"काय झालं, मामा?" बाईंनी विचारलं.

"सकाळचा तुमचा मासा मेला. बाकीचेही मेलेत."

बाई हातातल्या मोबाइलकडे बघत राहिल्या.

घरी मामींनी वाढलेलं ताट तसंच राहिलं. मामींनी सगळं ऐकून घेतलं आणि थट्टेचा एक शब्द काढला नाही, तेव्हा मामा जास्तच घाबरले. "आजच झालं असेल हो," मामी म्हणाल्या, "ऊनच केवढं होतं." बुडत्याने धरावं तसं मामांनी ते वाक्य धरलं. आजच झालं असेल, तर चूक म्हणता येईल. दरवर्षी होत असेल, तर त्याला काय म्हणायचं?

हे सांगू शकेल असं वळणाखाली एकच घर होतं, जाळीवाल्याचं. मामांचा शाळेतला सोबती. बंदी आल्यावर त्याची जाळी गेली, आता तो अंगणात बसून खुर्च्या विणायचा. तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं. सकाळी मामा त्याच्या दारात उभे राहिले, तरी त्याचे हात थांबले नाहीत.

"त्या डोहात मासे मरतात?" मामांनी विचारलं.

"उन्हाळ्यात मरतात."

"कधीपासून?"

"तू पाहुणे आणायला लागलास तेव्हापासून. दर उन्हाळ्यात. वास सुटतो, म्हणून आम्ही पुरून टाकतो."

मामा म्हणाले, "नदी बंद करतो. पाणी गार होईपर्यंत कुणी काठी टाकणार नाही. मीसुद्धा नाही."

"बरं होईल."

"पण तू एवढी वर्षं गप्प बसलास. एकदा तरी येऊन सांगायचंस मला."

जाळीवाल्याने पट्टी ओढली, गाठ मारली आणि पहिल्यांदाच वर पाहिलं. "सांगितलं असतं, तर काय म्हणाला असतास?"

जाळी परत मिळावीत म्हणून हा कांगावा करतोय, असं मामा म्हणाले असते. चारचौघांत म्हणाले असते, आणि गावाने त्यांचंच खरं मानलं असतं.