जयराजचे उरलेले केस

कोरेगावात स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्याला इलाहीचं केस कापायचं दुकान आहे. इलाहीनं पन्नाशी ओलांडली, त्यातली बत्तीस वर्षं उभ्यानं गेली. पोटऱ्यांच्या शिरा फुगून निळ्या झाल्यात आणि दुपार कलली की डाव्या टाचेत कळ येते. पण त्याला जास्त दमवतं ते बोलणं. केस विरळ झालेलं गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की आधी आरशात बघतं, मग इलाहीकडं, आणि विचारतं, "लय गेलेत का?"

"कुठं काय. पाणी बदललं की जात्यात थोडं," इलाही म्हणतो.

पाणी, हेल्मेट, रातपाळी, विचार. हे त्यानं इतक्यांदा सांगितलंय, की सांगताना आता त्याचं त्यालाच ऐकू येत नाही. हात आपले चालू असतात. कडेचे केस बारीक केले की वरचे दाट वाटतात. कपाळ मागं सरकलं असलं तर वरची बट पुढं आणून तिरकी पाडायची आणि ड्रायर मागून पुढं मारायचा.

जोतीरामआबांचा जयराज हे त्यातलंच गिऱ्हाईक. वय एकतीस. घरचा ऊस, साताऱ्याला कंपनीत सुपरवायझरची नोकरी, पोरगा स्वभावानं गरीब. सव्विसाव्या वर्षापासून त्याचं कपाळ वाढत गेलं. मुलगी बघायला जायचं असलं, की त्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधीच तो पायरीवर येऊन बसलेला असायचा. तीन वर्षांत आठ वेळा असा बसला. इलाही त्याचे उरलेले केस जुळवायचा, मधे जिथं कातडी दिसायची तिथं डबीतली काळी भुकटी भुरभुरायचा आणि वरून फवारा मारायचा. मग जयराज मान ताठ ठेवून गाडीत बसायचा आणि काचा वर करून घ्यायचा. आठही ठिकाणांहून 'कळवतो' एवढाच निरोप आला.

नववं स्थळ आटपाडीचं होतं. उन्हाळा तापलेला. जयराजची आई बनुबाई हिनं आदल्या दिवशीच निरोप धाडला होता, की यंदा जरा जास्त मन लावून करा. इलाहीनं त्या रविवारी जयराजच्या डोक्यावर पाऊण तास घालवला. काम झाल्यावर जयराज आरशात बघत राहिला.

"बरं दिसतंय न्हवं?"

"एकदम झ्याक," इलाही म्हणाला. म्हणताना त्यानं तोंड फिरवून कात्री पुसली.

त्याच दिवशी साडेचारच्या सुमाराला जयराज परत आला. त्यानं गाडी थेट दुकानापुढं लावली आणि आत येऊन खुर्चीत बसला. शर्टाच्या कॉलरीवर काळे ओघळ सुकले होते.

"वीज गेलती तिथं," तो म्हणाला. "पंखा बंद. घाम आला म्हणून रुमालानं कपाळ पुसलं, तर पांढरा रुमाल काळा झाला. समदी बघत हुती."

"आन् पोरगी?"

"संयोगिता नाव तिचं. ती चहाचा ट्रे घिऊन हुबी हुती. तिनं ट्रे खाली ठेवला न् आतनं पाण्याचा तांब्या आणला. म्हणाली, मागल्या दाराला न्हाणी हाय, तोंड धुवून घ्या. हसली असती तर बरं झालं असतं, इलाहीभाई."

इलाहीनं त्याच्या गळ्याभोवती कापड गुंडाळलं. जयराज आरशाकडं न बघता म्हणाला, "समदं काढून टाका."

"आबा जिते हायेत रं अजून."

"मला ठावं हाय. वस्तरा लावू नका. मशीन लावा."

या भागात बाप असताना पोरानं डोकं भादरलं तर घरावर काही ओढवून घेतलं असंच मानतात. हे इलाहीला लहानपणापासून माहीत. उद्या ये, घरात विचारून ये, असं सांगून तो जयराजला वाटेला लावू शकला असता. पण सकाळी सहापासून तो उभा होता आणि पुन्हा एकदा भुकटीची डबी हातात घ्यायचं त्याच्या जिवावर आलं होतं. त्यानं मशीनला एक नंबरची पट्टी लावली. दहा मिनिटांत काम झालं. जयराजचं डोकं वाटोळं, सारखं होतं, कुठं खाचखळगा नव्हता. त्यानं त्यावरून दोनदा तळवा फिरवला.

"गार लागतंय," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बनुबाई आली. ती पायरीच्या वर चढली नाही. दुकानात दोन माणसं होती, त्यांच्यादेखत तिनं विचारलं, "जयराजचा बाप जिता हाय का न्हाई, इलाहीभाऊ?"

"वैनी, वस्तरा न्हाई लावला. मशीनच..."

"लोकांनी मला काय इचारलं ठावं हाय? सकाळी डेअरीत दूध घालाया गेले, तर दोघीजणी येऊन म्हणल्या, आबा कवा गेले, आमाला कळीवलं बी न्हाई."

ती पदर सावरून निघून गेली. त्यानंतर जोतीरामआबा दाढीला यायचे थांबले. त्यांचे दोन पुतणेही बाजारपेठेतल्या दुसऱ्या दुकानात जायला लागले.

घरी त्याच्या बायकोनं, आबेदानं सांगून पाहिलं, "जाऊन चार शब्द बोलून या." इलाही पाय गरम पाण्यात सोडून बसला होता. जाऊन काय बोलायचं, हे त्याला ठरवता येईना. चूक झाली म्हणावं, तर तसं त्याला वाटत नव्हतं. नाही झाली म्हणावं, तर एका बाईला तिचा नवरा गेल्याचं चारचौघींत ऐकून घ्यावं लागलं होतं. तो गेला नाही.

आटपाडीहून नकार आला. जयराज मात्र दर पंधरा दिवसांनी मशीन मारून घ्यायला येत राहिला. बायोडाट्यावर आईनं सहा वर्षांपूर्वीचा फोटो लावला होता, तो काढून त्यानं नवा लावला. त्यावरून घरात आठवडाभर अबोला होता म्हणे. पुढं चार-पाच महिने एकही स्थळ फिरकलं नाही. मग मेढ्याहून विचारणा आली. रेश्मा नावाची, शिवणक्लास घेणारी मुलगी. तिनं बैठकीत सरळ विचारलं, केस आजारपणानं गेलेत की हे घराण्यातच आहे? जयराजनं वडिलांकडं बोट दाखवलं. आबांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. लग्न ठरलं.

लग्नाला चार दिवस असताना आबा इलाहीच्या दुकानात आले आणि खुर्चीत बसून हनुवटी वर केली. इलाहीनं फेस केला.

"बाजारपेठेतला गडी लय घाई करतो," आबा म्हणाले. "दोनदा कापलं मला."

"वैनींचा राग गेला का?"

"न्हाई. तिला अजून वाटतंय त्वा इचारायला पायजे हुतं." ते थोडं थांबले. "खरं म्हंजे मला बी वाटतंय."

"व्हय आबा," इलाही म्हणाला. "इचारायला पायजे हुतं."

आबांनी मान हलवली नाही, गळ्याशी वस्तरा होता. उठताना त्यांनी बुधवारी मांडवात ये म्हणून सांगितलं.

बुधवारी इलाही दुकान बंद करून गेला. जयराजनं फेटा बांधलेला होता. बनुबाई पाहुण्यांत उभी होती. तिनं इलाहीला पाहिलं, बोलली नाही, पण पाणी वाटणाऱ्या पोरांना हाक मारून त्याच्याकडं हात केला. तो मागच्या रांगेत खुर्चीवर बसला, टाच चपलेतून सैल केली आणि अक्षता पडेपर्यंत तसाच बसून राहिला. किती दिवसांनी तो भर दुपारी असा बसला होता. जेवण झालं, पण त्याला लगेच उठावंसं वाटेना.