ऐंशी किलोमीटरची गाडी

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळ नाही, आणि देवासमोर तर... ते पुढे सांगते, देवासमोर मी त्याहून वाईट केलं. तुम्ही माझे कुणी लागत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जातंय. आणि मी काही रडतबिडत बसलेली नाही, असा गैरसमज नको. अंगणात खुर्ची टाकून बसलेय, हातात चहा आहे, समोर माझी गाडी चार्जिंगला लावलीय, आणि तिच्याकडे बघून मला बरं वाटतंय. हेच तर अवघड आहे — बरं वाटतंय हेच.

गाडी विजेवरची. साडेचार वर्षांपूर्वी घेतली तेव्हा पांढरीशुभ्र होती, आता मालवणच्या खाऱ्या हवेने दाराच्या खालच्या कडेला तांबूस डाग पडलेत. मी इथल्या हायस्कुलात गणित शिकवते. नवरा, विलास, स्कूटरवाला माणूस. स्टिअरिंग दिसलं की त्याच्या तळव्यांना घाम फुटतो. त्यामुळे गाडी माझी. कुठे जाते, किती जाते, किती चार्ज उरतो — हे घरात फक्त मलाच कळायचं. माणसाच्या हातात अशी एखादी गोष्ट आली, जी दुसऱ्या कुणालाच कळत नाही, तर तो तिचं काय करतो? मी काय केलं ते सांगते. पण आधी सासूबाईंबद्दल सांगायला हवं.

आम्ही त्यांना आईच म्हणतो. वय अठ्ठ्याहत्तर. माहेर फोंडाघाटचं, घाटाच्या अगदी पायथ्याशी. तिथे त्यांची थोरली बहीण आहे, आमची मावशी. आईंची आई त्या लहान असतानाच गेली, आणि मावशीने त्यांना कडेवर घेऊन वाढवलं. मालवणहून फोंडा साठेक किलोमीटर. पूर्वी आई एसटीने जायच्या, कणकवलीला गाडी बदलून. मग गुडघे गेले. एसटीची पहिली पायरी त्यांना चढवेना. आणि नेमकी त्याच वर्षी आमच्या दारात गाडी आली.

पहिलाच रविवार. आई पडवीत सुपात सुकी सुंगटं, म्हणजे सुकवलेली कोळंबी, निवडत बसल्या होत्या. मी गाडी पुसत होते. त्यांनी सुंगटांवरची नजर न काढता विचारलं, "आता माका फोंड्याक न्हेतलंस मां गो? बाय माजी वाट बघता." आणि मग बहिणीचं कौतुक सुरू झालं — ब्याऐंशीव्या वर्षी ती अजून गोधड्या शिवते, "सुयेत दोरो स्वता घालता, चष्म्याबगर!"

मी म्हणाले, "आई, ही गाडी एका चार्जमध्ये ऐंशीच किलोमीटर जाते."

दीडशे जाते. तेव्हा तर त्याहून जास्त जायची.

आकडा तोंडातून कसा आला, मला अजून कळलेलं नाही. मी ठरवलं नव्हतं. पण आल्यावर तो मागेही घेतला नाही. आईंनी बोटांवर हिशेब केला, जायला साठ, यायला साठ — आणि हळूच म्हणाल्या, "म्हणजे परत येवक पुरूचा नाय." मी मान हलवली. वर्गात मुलं असं करतात: पायऱ्या सगळ्या बरोबर, फक्त सुरुवातीला घेतलेली किंमत चुकीची. मी अशा उत्तराला शून्य देते.

मग आईंनीच वाट काढली. बायच्या घरात वीज आहे, तिथे लावू की रात्रभर! आता एका खोट्याला दुसरं शोधणं आलं. मी सांगितलं, जुन्या घराचं अर्थिंग बरोबर नसतं, गाडी वीज घेत नाही, उगाच काही जळलंबिळलं तर मावशीच्या घराला त्रास. मावशीच्या घराला त्रास म्हटल्यावर विषय संपला. मला ठाऊक होतं तो तिथेच संपणार.

का केलं? तुम्ही विचारणारच. मला मोठं कारण सापडलं असतं तर फार बरं झालं असतं — सासुरवास, जुना राग, काहीतरी. पण आई मला कधी एक शब्द टाकून बोलल्याचं आठवत नाही. कारण एवढंच की मला रविवार हवा होता. सहा दिवस शाळा, शाळेआधी स्वयंपाक, शाळेनंतर मासे आणि वह्या. आणि सातव्या दिवशी, लग्नाला पंचवीस वर्षं झाल्यावर, एक असं दार मिळालं होतं की जे आतून बंद करता येतं. रविवारी दुपारी जेवणं आवरली की मी "जरा बाजारात जाऊन येते" म्हणायचे. आचऱ्याच्या बाजूला खाडीकाठी एक जागा आहे, सुरूच्या सावलीत, तिथे गाडी लावायची, काचा उघडायच्या, खाजा चघळत बसायचं. कुणी काही मागत नाही, कुणी काही विचारत नाही. गाडीलाही आवाज नाही. मला वाटायचं, मावशीकडे गेलं की आहेच — बसा, उठा, चहा, पुन्हा चहा, दोन म्हाताऱ्यांच्या त्याच त्याच गोष्टी, आणि सगळा रविवार गेला. म्हणून मी तो दिला नाही.

आणि बांदा. ते राहिलंच. दुसऱ्या वर्षी कॉलेजची एक मैत्रीण बांद्याला राहायला आली. घरी कुडाळला शाळेचं प्रशिक्षण आहे म्हणून सांगितलं आणि गेले. मालवणहून बांदा म्हणजे जवळजवळ फोंड्याइतकंच. गेले, पोटभर गप्पा मारल्या, जेवले, परत आले, तरी चार्ज उरला. दारात आई उभ्या. कुडाळपर्यंत जाऊन आलं म्हणजे गाडी किती दमली असेल, म्हणून त्यांनी बॉनेटवर हात ठेवून बघितला. गणित शिकवणाऱ्या बाईला त्या दिवशी दोन सारखी अंतरं नीट कळली होती. मी हातपाय धुवायला आत गेले.

पुढे आईंनी विचारणं कमी केलं. विलास म्हणायचा, भाड्याची गाडी करू. त्या ऐकायच्या नाहीत. "घरात गाडी आसताना भाड्याची कित्याक? लोक सुनेक काय म्हणतले?" म्हणजे बघा, मी त्यांना अडवत होते आणि त्या माझ्या गाडीची अब्रू राखत होत्या. शेजारणींना सांगायच्या, गाडी गुणाची आहे, फक्त तिचो जीव थोडो. चार वर्षांत दोघी बहिणी एकदाच भेटल्या, कणकवलीच्या एका लग्नात, हॉलमधल्या गोंगाटात, जेवणाच्या रांगेत. दोन वर्षं झाली त्याला.

या वर्षी गाडी बदलायचा विचार निघाला. काढला कुणी? मीच. नवी गाडी तीनशेच्या वर जाते, जुनी देऊन नवी घेता येते, शाळेत दोघांनी घेतली. घरी मी हे सगळं अगदी व्यवस्थित मांडलं. पण खरं कारण तुम्हाला कळलं असेलच. नवी गाडी आली की खोटं आपोआप मिटणार होतं. आईंना मी रुबाबात म्हणू शकले असते, चला आई, आता ही पोचते! जुनी गाडी परक्या दारात गेली की ऐंशीचा आकडाही तिच्याबरोबर जाणार. वयही झालं होतं माझं, एकटं बसायची हौसही फिटली होती. कुणालाही काही न सांगता चांगलं होण्याची अशी संधी कितीदा येते?

एजन्सीतल्या माणसाने गाडी तपासली आणि म्हणाला, "मॅडम, बॅटरी एकदम छान ठेवलीय तुम्ही. अजून दीडशेला मरण नाही." चोराच्या मनात चांदणं. मी एकटीच होते, तरी मागे वळून बघितलं. त्याच दिवशी नवीन गाडी बुक करून आले. गणपतीनंतर मिळणार होती.

घरी एकाच माणसाला हे पटलं नाही. आई. रात्री जेवताना भात कालवता कालवता म्हणाल्या, "जेवढा जमला तेवढा केल्यान तिना. थकली म्हणान कोणी दुसऱ्याच्या दारात बांधता काय?" विलास हसला. मी आईंच्या ताटात आणखी थोडं कालवण वाढलं.

मग फोंड्याहून मावशीच्या सुनेचा फोन आला. काचबिंदू. गेल्या दीड वर्षात हळूहळू नजर जात होती, कुणाला सांगितलं नव्हतं मावशीने. आता उजेड तेवढा कळतो.

आईंनी फोन ठेवला. मी म्हटलं, गणपतीनंतर नवी गाडी येतेच आहे, लगेच जाऊ. त्या म्हणाल्या, "तवसर माका धीर नाय. ह्याच गाडयेन जावया. अर्ध्यार बंद पडली तर पडली." तेव्हा तरी बोलायचं होतं. वाक्य तयार होतं, चारच शब्दांचं: आई, गाडी दीडशे जाते. नाही बोलले.

सकाळी निघताना आईंनी गाडीसमोर नारळ ठेवायला लावला आणि विलासला गाऱ्हाणं घालायला सांगितलं. आमच्याकडे कुठलंही मोठं काम गाऱ्हाण्याशिवाय होत नाही. एकाने देवाला सांगायचं, बाकीच्यांनी हुंकार द्यायचा. विलास उभा राहिला हात जोडून. "बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेकरां फोंड्याक चललीत. गाडी जुनी आसा, तिचो जोर कमी आसा..."

"व्हय म्हाराजा," आई म्हणाल्या. आणि माझ्याकडे बघितलं.

"व्हय म्हाराजा," मी म्हणाले. देवाला. हात जोडून, डोळे मिटून, खणखणीत आवाजात. खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात ना? काही पडला नाही. नारळ फुटला, आत छान पांढरं खोबरं निघालं, आणि आम्ही निघालो.

मागच्या सीटवर आईंनी बहिणीसाठी पोतंभर नारळ, सुकी सुंगटं, कुळथाचं पीठ असं ठेवलं होतं. निघता निघता त्यांनी नारळांचं पोतं उतरवायला लावलं. वजन नको म्हणाल्या, गाडीला जड होईल. वाटेत थंड हवा बंद करवली. कणकवली सोडल्यावर चढ लागला की त्या सीटची कड घट्ट धरायच्या, जणू आपण जरा उचलून धरलं तर गाडीला सोपं जाईल. मी रस्त्याकडे बघत होते. दोन्ही बाजूला भात पोटरीला आलेलं, आणि माझ्या बाजूला बसलेली ही बाई माझ्या खोट्याचं वजन कमी करत होती.

फोंड्याला पोचलो तेव्हा निम्म्याहून जास्त चार्ज शिल्लक होता. आकडा आईंना वाचता येतो. त्यांनी वाचला, पुन्हा वाचला, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मी तो विसरणार नाही. "देवान ऐकल्यान गो! माझ्यासाठी पावली ही!" त्यांनी डॅशबोर्डवर हात फिरवून स्वतःच्या कपाळाला लावला. मी एवढंच म्हणाले — हो.

मावशी पायरीवर बसली होती. आईंनी हाक मारली तशी तिने दोन्ही हात पुढे केले. मग तिने आईंचा चेहरा बोटांनी बघितला. कपाळ, गाल, हनुवटी. "बारीक झालंस गो," म्हणाली. आई म्हणाल्या, "तुका कसा दिसला?" आणि दोघी इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की मावशीची सून बाहेर आली काय झालं बघायला. नंतर मावशीने गाडी दाखवायला सांगितली. मी तिचा हात धरून बॉनेटवर ठेवला. तिने गाडीला नमस्कार केला.

परतल्यावर मी बुकिंग रद्द केलं. करावंच लागलं, देवाने बळ दिलेली गाडी कोण विकणार? आईंनी साऱ्या आळीला सांगितलंय. स्टिअरिंगवर दर शनिवारी अबोलीचा वळेसर, म्हणजे गजरा, बांधलेला असतो. विलासही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो की गाऱ्हाणं त्याने घातलं होतं.

आता दर रविवारी आम्ही फोंड्याला जातो. नारळांचं पोतं पण नेतो. मावशीकडे चहा होतो, पुन्हा चहा होतो, त्याच त्याच गोष्टी होतात. आणि मला त्या आवडतात. लाज वाटते सांगायला, पण खाडीकाठच्या रविवारांपेक्षा जास्त आवडतात. दोघी एकमेकींच्या लहानपणावरून भांडतात, मावशी बोटांच्या अंदाजाने गोधडीला टाके घालते, मी तिला सुई ओवून देते आणि ऐकत बसते. मी खरंच सुखी आहे.

निघताना मावशी आधी आईंचा चेहरा बघते, मग माझा. मागच्या रविवारी तिची बोटं माझ्या गालावर जरा थांबली. आई मागून म्हणाल्या, "हिनाच आणल्यान माका, बाय. एवढ्याशा गाडयेन." मावशीने माझे गाल कुरवाळले आणि मला आशीर्वाद दिला.

मी तो घेतला. ज्या दिवशी मी ऐंशी म्हणाले, त्या दिवशी मावशी स्वतःची सुई स्वतः ओवत होती.