खाली जाणारा दगड

देवापुढचा दिवा लावून झाला की मी परसात डोकावते. वन्सं तिथेच असतात, गांडूळखताच्या वाफ्यांपाशी. खत विकून त्या आपलं भागवतात. माझे यजमान त्यांचे धाकटे भाऊ, ते रोज चिडवतात, "ताई, तुझी पलटण जेवली का?"

"जेवली. तुझ्यासारखी नावं नाही ठेवली कशाला."

परसातच एक चपटा दगड आहे. वन्संचं बाळ जन्मताच गेलं, ते तिथे आहे. खूण म्हणून तेवढा दगडच, आणि तो वर्षागणिक खाली जातो. आधी कडा बुडाल्या, आता तळहाताएवढा उरला. "वहिनी, तो दिसेनासा झाला तर मी त्याच्यापाशी बसू कुठे गं?" त्या एकदा म्हणाल्या.

त्यांनी आळ आपल्याच गांडुळांवर घेतला. वाफे पार कुंपणाशी हलवले. दगड बुडतच राहिला.

आज सकाळी त्यांनी मोहरी वाटून पाण्यात कालवली आणि दगडाभोवती ओतली; मोहरी झोंबली की खाली जे असेल ते वर येतं, म्हणाल्या. जरा वेळ काहीच नाही. मग माती हलली, आणि भोकाभोकांतून करंगळीएवढी जाड गांडुळं निमूट वर येऊ लागली. मी देवाचं नाव घेतलं.

वन्संनी एक तळहातावर घेतलं. "ही माझी नव्हेत. माझी तांबडी, बारीक, वरच्या कुजक्या पाल्यातच राहतात. ह्यांचं डोकं काळपट, शेपूट चपटं. सरळ खोल बीळ करतात ही. अंधार पडला की पान टोकाकडून धरून आत ओढतात, आणि खालची माती खाऊन वर आणून टाकतात. दगड कसला बुडतोय, वहिनी! मातीच वर येतेय."

खरंच, बिळांच्या तोंडात पानं उभी खोचलेली होती, कुणी हाताने लावल्यासारखी. शेजारी विष्ठेच्या गोळ्यांचे ढीग. वन्संनी एक ढीग बोटाने फोडला आणि हात तसाच थांबला.

राईएवढा निळा मणी. बाळासाठी शिवलेल्या झबल्याच्या गळ्याला मी असेच मणी लावले होते. ते झबलं त्याच्या अंगावरच गेलं.

"साधं पाणी आण गं," त्या हळूच म्हणाल्या. "भरपूर. मोहरी धुऊन निघायला हवी."

मी बादल्या आणल्या. गांडुळं परत आत गेली. वन्संनी वाळकी पानं आणून पसरली, ताटात वाढावीत तशी.

तिन्हीसांजेला दिवा लावून खिडकीतून पाहिलं. वन्सं दगडाकडे पाठ करून त्या ढिगांपुढे बसल्या होत्या, मूठ मिटलेली. त्यांच्या पायाशी एक पान उभं राहिलं आणि सावकाश आत गेलं.