काकूंच्या मशीनमधले दोन प्रोग्राम

"पंचवीसपैकी अकरा, श्रीकांतजी! आईला पंचवीसपैकी अकराच शब्द कळले," समीर फोनच्या स्क्रीनवरून सांगत होता. तो डब्लिनला. त्याची आई, नलिनीकाकू, झाशीत माझ्या क्लिनिकमध्ये, माझ्यासमोरच्या खुर्चीवर. "ती इथे होती तेव्हाचा कानाच्या टेस्टचा रिपोर्ट आहे, मला आता मिळाला. इथल्या डॉक्टरांनी मेमरी तपासून घ्या असं लिहिलंय. तसंच काही निघालं तर मी तिला तिकडे एकटी ठेवणार नाही. घर बंद करायचं आणि तिला कायमची इकडे आणायची."

काकूंना यातलं काही ऐकू जात नव्हतं. त्यांनी दोन्ही कानांतली मशिनं काढून टेबलावर ठेवली होती आणि त्या भिंतीवरचा कानाचा तक्ता बघत होत्या.

मी ऑडिओलॉजिस्ट. ऐकू किती येतं ते मोजायचं आणि गरज असेल तर हिअरिंग एड बसवायचं, हे माझं काम. इथे सगळे त्याला मशीनच म्हणतात, मीही म्हणतो. काकूंचे यजमान रेल्वेत गार्ड होते. ते गेल्यापासून काकू सहा महिने मुलाकडे आणि सहा महिने झाशीत असतात. त्यांचं मशीन मीच बसवलेलं. त्यामुळे या रिपोर्टची जबाबदारी माझ्यावरही येत होती.

आधी साधी टेस्ट केली. हेडफोनमधून बारीक-मोठे आवाज द्यायचे, ऐकू आला की पेशंटने बटण दाबायचं. निकाल मागच्या वर्षीसारखाच आला. कान जिथे होते तिथेच होते.

मग मशिनं घालून शब्दांची टेस्ट. एकेक शब्द ऐकवायचा, पेशंटने तो परत म्हणायचा. आमच्याकडे हिंदी शब्दांची यादी असते. काकूंनी पंचवीसपैकी बावीस बरोबर सांगितले. मराठीची यादी झाशीत कोण ठेवणार? मीच तोंडापुढे कागद धरला, म्हणजे ओठ वाचता येऊ नयेत, आणि घरातले शब्द म्हणत गेलो. ताट. सुई. विहीर. चूल. चोवीस बरोबर. पंचविसाव्याला काकू म्हणाल्या, "हा तू नीट म्हटला नाहीस."

बरोबर होतं त्यांचं. आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या झाशीत, त्यामुळे माझे काही उच्चार हिंदीकडे झुकतात.

"तिकडे कोणत्या भाषेत विचारलं होतं?" मी समीरला विचारलं.

तो म्हणाला, "इंग्लिशमध्ये. पण आईला इंग्लिश येतं की."

"येतं म्हणजे तुम्ही बोललेलं समजतं. एकटा शब्द, तोही तिकडच्या उच्चारात, मागेपुढे काही नाही. तो तुम्हालाही अवघड जाईल."

समीरला हायसं वाटलेलं दिसलं. मलाही वाटलं. केस संपली असं समजून मी काकूंना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "पण मला इथेही नीट ऐकू येत नाही रे."

आता काय म्हणावं? मशीन घालून बावीस, चोवीस शब्द सांगणारी बाई ऐकू येत नाही म्हणते.

मी मशीन कंप्युटरला जोडलं. आजकालच्या मशीनमध्ये डेटा लॉग असतो. मशीन दिवसात किती तास घातलं, कोणता प्रोग्राम किती वेळ वापरला, हे त्यात आपोआप नोंदलं जातं. प्रोग्राम म्हणजे आवाजाची सेटिंग. काकूंना मी दोन करून दिले होते. एक झाशीचा: हॉर्न, कुकर, पलीकडच्या देवळातला भोंगा हे सगळं दाबून ठेवणारा. दुसरा डब्लिनचा: तिकडे घर शांत, म्हणून बारीकसारीक आवाज मोठे करणारा. मशीनवरचं बटण दाबलं की प्रोग्राम बदलतो.

लॉग उघडला. परत आल्यापासूनच्या दोन महिन्यांत काकूंनी जवळजवळ सगळा वेळ डब्लिनचा प्रोग्राम वापरला होता. झाशीत.

मी मागची नोंद काढली. त्या डब्लिनहून आल्या त्या आठवड्यात घेतलेली. तिकडे सहा महिने त्यांनी झाशीचा प्रोग्राम वापरला होता. तेव्हा मला वाटलं होतं की बटणाचा गोंधळ झाला असेल. मी ते पुन्हा समजावून दिलं होतं आणि विषय संपवला होता.

आता मात्र तसं म्हणता येईना. एकदा चुकणं वेगळं. दोन देशांत आठ महिने उलटंच बटण दाबणं वेगळं. समीरचं बरोबर होतं की काय? शब्दांची टेस्ट म्हणते डोकं ठीक, लॉग म्हणतो बाई कुठे आहे हे बाईला कळत नाही. स्क्रीनवर समीर वाट बघत होता. "काय निघालं?"

"दोन मिनिटं," म्हणून मी माझा माइक म्यूट केला. रिपोर्टमध्ये लिहायला सुरुवातही केली होती: प्रोग्राम निवडताना गोंधळ. मग वाटलं, निदान विचारावं.

"काकू, या बटणाने काय होतं?"

"एक बीप वाजलं की झाशी. दोन वाजले की डब्लिन," त्या लगेच म्हणाल्या. "मला माहीत आहे की."

"मग इथे डब्लिन का लावता?"

त्या थोड्या ओशाळल्या. "तू रागावशील."

"नाही रागावत."

"तिकडे घर इतकं शांत. तू ते बारीक आवाज मोठे केलेस. दिवसभर फ्रिजची घरघर आणि माझ्याच सपातांचा आवाज. एकटं वाटायचं रे. म्हणून झाशी लावत होते. त्यात फ्रिज तरी गप्प व्हायचा."

"आणि इथे?"

"इथे आले तर झाशीचं बटण सगळंच दाबून टाकतं. शेजारची मिश्राइन गच्चीवरून 'चाची, अदरक मँगवा दूँ का बरुआसागर से?' म्हणून बाजारातून आलं आणायचं विचारते, ते ऐकू येईना. सहा महिने तिच्या हाकेला तरसले मी. म्हणून डब्लिन लावलं. तर देवळाचा भोंगा डोक्यात घुसतो. मग काढून ठेवते दोन्ही." त्यांनी पदराने चष्मा पुसला. "तिकडे बसमधून उतरताना सगळे ड्रायव्हरला थँक्यू म्हणतात. मी परवा ई-रिक्षावाल्याला म्हटलं. तो म्हणाला, 'क्या हो गया अम्मा, तबीयत ठीक है?'"

मला हसू आलं, त्यांना नाही.

"मला कळत नाही, मला काय ऐकायचंय," त्या म्हणाल्या. "तिकडे इथलं, इथे तिकडचं. हे तुझ्या मशीनमध्ये दुरुस्त होतं का?"

मी म्यूट काढलं. समीरला सगळं सांगितलं.  तो म्हणाला, "मला वाटायचं ती आमच्यावर रुसून मशीन काढते." आणि थोड्या वेळाने, "मग तिला राहायचंय कुठे?"

मी तोच प्रश्न काकूंना विचारला. त्या म्हणाल्या, "तुझ्या टेस्टमध्ये नाही निघालं?"

रिपोर्टमधली ती ओळ मी खोडली. तरी मेमरीचा प्रश्न माझ्या अखत्यारीतला नव्हता, म्हणून झाशीतल्याच एका न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवलं. त्यांनी हिंदीत तपासलं. वयाच्या मानाने सगळं ठीक, असं लिहून दिलं. घर बंद करण्याचा विषय समीरने सोडला.

मशीनमध्ये मी एवढंच केलं की भोंगा दाबून माणसाचा आवाज पुढे आणणारी मधली सेटिंग दिली. काकू म्हणाल्या, बरं आहे. कितपत बरं, ते त्यांनी सांगितलं नाही. पुढच्या हिवाळ्यात त्या पुन्हा डब्लिनला गेल्या, ठरल्याप्रमाणे परतीचं तिकीट काढून. मध्ये ऑनलाइन सेशनमध्ये दोनदा आवाज वाढवायला लावला आणि एकदा कमी करायला. घरातले आवाज तर तेच होते, तरी मी केलं.

काकूंची केस बरी झाली की नाही, मला सांगता येणार नाही. पण तेव्हापासून शब्द कोणत्या भाषेत विचारले, हे मी रिपोर्टच्या पहिल्या ओळीत लिहितो. आणि लॉगवरून मत लिहिण्याआधी पेशंटला मशीन घालायला लावतो आणि त्यालाच विचारतो. दहा मिनिटं जास्त लागतात.